लेमन सेट, सेट डोसा आणि बसलेला आवाज

"बाई, ऐकलंत का? दाताच्या डॉक्टरांचा थोरला सेट झाला."

आमच्या आणि वहिनींच्या अंगणामधली भिंत कमरेएवढी. तिच्यावर मेंदी, आणि मेंदीत मधोमध एक खिंडार. वाट्या, विरजण, कढीपत्ता आणि बातम्या यांची ये-जा होऊन होऊन ते पडलेलं. सांगलीच्या विश्रामबागेत पेपर साडेसहाला येतो. वहिनी त्याच्या आधी येतात.

"सेटला बसला होता का तो? इंजिनिअर ना?"

"परीक्षेचं नाही म्हणत हो मी! सेट झाला म्हणजे सेट झाला. पुण्यात फ्लॅट घेतला, हप्ते सुरू झाले, गाडी दारात. आता तेवढी मुलगी बघायची."

"आणि त्यांची पुतणी? ती मराठीत एम.ए. झालेली?"

"ती सेट झाली, पण सेट कुठं झाली!"

हयातभर शाळेत इंग्रजी शिकवलं मी, पण एकाच वाक्यात एक शब्द दोनदा वापरून दुसऱ्यांदा त्याचं तोंड उलट्या दिशेला फिरवणं माझ्या एकाही विद्यार्थ्याला जमलं नव्हतं. आणि वाक्य अक्षरशः खरं. पुतणी सेट पास आहे, म्हणजे सहायक प्राध्यापक व्हायला लागणारी ती राज्याची पात्रता परीक्षा, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं ती. पण पास होऊन मिळालं काय, तर तासिका तत्त्वावरचं काम. शिकवलेल्या तासांचे पैसे, सुट्टीचे नाहीत. सकाळी एका गावच्या कॉलेजात, दुपारी दुसऱ्या. एसटीच्या पासावर निम्मा पगार.

"वहिनी, हा सेट नक्की कितव्या अर्थाचा धरायचा, हे कसं कळतं हो तुम्हाला?"

"त्यात काय कळायचंय? पोटातून कळतं." वहिनींनी हातातली पिशवी भिंतीवर ठेवली. घरी साड्या आणि खोटे दागिने विकतात त्या, आणि पिशवीत नेमका माल होता. "हा बघा, मोत्याचा सेट. चिंचपेटी, कानातले, नथ. हा सेट म्हणजे सगळं एकत्र. तो डॉक्टरांचा पोरगा सेट म्हणजे... एका जागी. कळलं की नाही?"

कळलं. इतकंच नाही, तर विलायतेतल्या पंडितांनी जे जाड पुस्तकांत मांडलं, त्याचीच सुरुवात वहिनींनी पिशवीतून करून दिली होती. कारण इंग्रजीतला सेट हा मुळात एक शब्दच नाही. दोन निराळ्या घरांतून आलेले, नंतर चेहरेपट्टी सारखी झालेले दोघे आहेत ते. वहिनींच्या मोत्याचा सेट आला जुन्या फ्रेंचमधून, त्याच्या मागे लॅटिनचा 'सेक्ता'. सेक्ता म्हणजे कुणाच्या तरी मागून जाणाऱ्यांचा जथा, पंथ. इंग्रजीत पंथाला 'सेक्ट' म्हणतात, तो याचाच सख्खा भाऊ. दुसरा सेट मात्र अस्सल इंग्रजी मातीतला, क्रियापद. 'सिट' म्हणजे बसणे, आणि त्याचं करायला लावणारं रूप 'सेट'. बसवणे.

"म्हणजे लेमन सेट हा पंथवाला?"

"पंथवाला."

"आणि दही सेट झालं, हे बसवलेलं?"

"अगदी."

लेमन सेट हा खास आपला शब्द. एक जग, सहा ग्लास, वर फुलांचं चित्र. एकेकाळी लग्नात याच्याशिवाय आहेर होत नसे. वहिनींच्या लग्नात इतके आले की पुढची काही वर्षं त्यांनी तेच दुसऱ्यांच्या लग्नांत फिरवले. डिनर सेट, टी सेट, सोफा सेट, बेडशीटचा सेट, सगळी या पंथातलीच मंडळी. टीव्हीला आपण एकटा असूनही सेट म्हणत आलो. नववीच्या गणितात पहिलाच धडा 'संच', तोही हाच. आणि टेनिसचा सेट: सहा गेमांचा जथा. निदान असतो असं वाटतं. 2010 साली विंबल्डनला जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा पाचवा सेट संपेचना. 70–68! सामना तीन दिवसांत मिळून अकरा तास पाच मिनिटं चालला, त्यातला तो एकटा सेट आठ तासांहून जास्त. वहिनींकडचे भाऊजी तेव्हा टीव्हीसमोरून उठले नव्हते म्हणे.

"उठले नव्हते, आणि गिरणीतून दळणही आणलं नव्हतं," वहिनी म्हणाल्या. काही गोष्टी त्यांच्या लक्षात वेगळ्या कारणाने राहतात.

"पण बाई, सेट डोसा? तो कुठला? मला वाटायचं पीठ रात्रभर सेट करतात म्हणून."

सांगलीकरांना हा प्रश्न पडणारच. कर्नाटक हाकेच्या अंतरावर, बेळगावला लग्नाला गेलं की परतताना हा डोसा ठरलेला. लहान, जाडसर, जाळीदार, आणि पानात कधी एकटा येत नाही. दोन किंवा तीन एकावर एक. तो जोडीने येतो म्हणून सेट. पंथवाला. पीठ आंबतं ते कुठल्याही डोशाचं आंबतं, त्याचं श्रेय नावाला नाही.

आता दुसरा सेट, बसवलेला. वहिनींच्या मागच्या अंगणात पाण्याची टाकी बांधायला काढली आहे. गवंडी रोज एकच वाक्य बोलतो, "सेट होऊ दे". वहिनींना वाटतं तो टाळाटाळ करतोय. पण त्याच्या बाजूने बोलायचं तर सिमेंटच्या सेट होण्याला सरकारी नियम आहे. साध्या सिमेंटमध्ये पाणी पडल्यावर निदान अर्धा तास तरी ते घट्ट व्हायला लागता कामा नये, नाहीतर थापीला काम करता येणार नाही. आणि दहा तासांच्या आत ते पुरतं घट्ट झालंच पाहिजे. सेट होणं म्हणजे मजबूत होणं नव्हे, ही यातली गोम. मजबुती पुढे कितीतरी दिवस पाणी मारमारून येते.

"म्हणजे डॉक्टरांचा पोरगा सेट झाला, पण अजून पाणी मारायचंय."

मी काही बोलले नाही. यावर बोलण्यासारखं उरलं काय?

दह्याचंही तसंच. आपण दही 'लागलं' म्हणायचो, 'विरजलं' म्हणायचो. आता डब्यावर 'सेट दही' छापून येतं आणि सुना विचारतात, "आई, दही सेट झालं का?" आत घडतं तेच. विरजणातले जिवाणू दुधातली साखर खाऊन आम्ल करतात, आम्ल ठरावीक हद्दीला पोचलं की दुधातलं केसीन एकमेकांना धरतं. 'लागलं' हा शब्द मला अजून जास्त पटतो. जिभेलाही लागतो.

"मग बाई, असे एकूण अर्थ तरी किती असतील?"

ऑक्सफर्डचा जो मोठा इंग्रजी कोश आहे, त्याचा पहिला भाग 1884 साली निघाला आणि सगळं काम 1928 साली पुरं झालं. 1989 साली त्याची दुसरी आवृत्ती वीस खंडांत आली. तिच्यात सगळ्यात लांब नोंद सेटची. नुसत्या क्रियापदाचे 430 च्या आसपास अर्थ, वर त्याला चिकटून येणारे वाक्प्रचार धरले तर 580 पर्यंत. ही एक नोंद साठ हजार शब्दांची. मोल्सवर्थ साहेबाने 1857 साली मराठी-इंग्रजी कोशाची जी दुसरी आवृत्ती काढली, तिच्यात आपले सगळे मिळून साठेक हजार शब्द आहेत. आख्खी मराठी त्याने जेवढ्या शब्दांत पकडली, तेवढे शब्द इंग्रजांना एका सेटच्या खुलाशाला लागले.

"अगं बाई!"

"आणि आता तर सेटचा नंबर गेला. नव्या आवृत्तीच्या कामात रन पुढे निघालाय. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाने एकट्या रनवर नऊ महिने काम केलं. 645 अर्थ निघाले. नुसत्या क्रियापदाचे."

"नऊ महिने?" वहिनींनी डोळे मोठे केले. "बाळंत झाला म्हणायचं की!"

रन पुढे का गेला, याचं कारण मला उघड दिसतं. गाड्या आल्या, कारखाने आले, कॉम्प्युटर आले, आणि इंग्रजीत ही सगळी पळतात. सेट हा त्याआधीच्या, जागच्या जागी बसलेल्या जगाचा शब्द. अर्थात क्रिकेटचा रन आणि 'सेट झालेला बॅट्समन' आपल्याकडे अजून एकाच खेळपट्टीवर नांदतात. एक पळतो म्हणून, आणि दुसरा हलत नाही म्हणून.

इथे वहिनी जरा गंभीर झाल्या. त्यांना त्या 580 चा मत्सर वाटला असावा. "आपल्याकडं नाही का असा एखादा?"

"आहे की. सेटचंच मराठी. बसणे."

आणि मग त्या खिंडारापाशी आम्ही दोघी अशा काही सुटलो की माझ्या गॅसवरचा चहा उकळून अर्धा झाला. गणपती बसतात, घट बसतात. धक्का बसतो, चटका बसतो, फटका बसतो. विश्वास बसतो. कानठळ्या बसतात, दातखीळ बसते. घडी बसते, मेळ बसतो. अंगावर ब्लाऊज बसतो. धुरळा खाली बसतो. "साडी केवढ्याला बसली?" हा तर वहिनींच्या धंद्यातला पहिला प्रश्न. आणि नाटक बसवतात. आमच्या सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीतास्वयंवर' केलं म्हणून. त्यांनी ते बसवलं. सेट केलं नाही. सेट नंतर आला, तो रंगमंचावर उभा करायचा असतो.

तेवढ्यात वहिनी थबकल्या. "बाई, एक गंमत बघा. तुम्ही म्हणता सेट म्हणजे बसणे. मग धंदा सेट झाला म्हटलं तर पेढे, आणि धंदा बसला म्हटलं तर रडारड, हे कसं?"

मी कितीतरी वर्षं समानार्थी शब्द लिहायला लावले मुलांना. हा फरक एकाही पाठ्यपुस्तकात नाही. आवाज सेट झाला म्हणजे मांडववाल्याचा माइक नीट लागला, आणि आवाज बसला म्हणजे गाणारीने आल्याचा रस घ्यायचा. इंजिन सेट करून आणलं म्हणजे गाडी पळणार, इंजिन बसलं म्हणजे आता गॅरेजवाल्याची मुलगी लग्नाला आली असणार. पिक्चर बसला, भिंत बसली, घर बसलं. 'घर सेट झालं' म्हटल्यावर मात्र पडदे आणि कुंड्या दिसायला लागतात.

"पण गणपती बसतात तेही बसणंच ना? जम बसतो, बस्तान बसतं?"

मुद्दा तोच आहे. बसणे हे क्रियापद दोन्ही घरं सांभाळत होतं, मंगल आणि अमंगल. सेट घरात आला आणि गुपचूप चांगल्या बाजूचा माल उचलायला लागला. संसाराची घडी बसायची, आता लाइफ सेट होतं. धंद्याचा जम बसायचा, आता धंदा सेट होतो. बसण्याकडे मागे राहतंय काय, तर धक्का, फटका, भुर्दंड आणि कानठळ्या. देवाला अजून सेट करायला कुणी धजावलेलं नाही, एवढंच.

बसण्याची ही दोन तोंडं आजची नाहीत, हेही मी त्यांना सांगून टाकलं. सेट आणि सिट यांची नाळ संस्कृतातल्या 'सद्' धातूला जुळते, बसणे याच अर्थाच्या. आपलं बसणे दुसऱ्या घरचं, 'उपविश्' मधून 'बैसणे' होत आलेलं. सद् मात्र सेटचा रक्ताचा नातेवाईक. सदन, संसद, परिषद, गुरूच्या जवळ बसून शिकायचं ते उपनिषद. पक्ष्याचं घरटं म्हणजे संस्कृतात नीड, इंग्रजीत नेस्ट, दोघांच्याही पोटात हाच बसायचा धातू लपलाय. आणि याच सद् ची दोन लेकरं बघा. गढूळ पाणी बसून निवळतं तसं मन निवळलं तर ते प्रसन्न, त्यातूनच प्रसाद. आणि मन खाली खाली बसतच गेलं तर विषाद. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला झाला तो.

"म्हणजे देवापुढचा प्रसाद आणि अर्जुनाचा विषाद भाऊभाऊ?"

"एका आईचे."

"एक सेट झाला, एक बसला," वहिनी म्हणाल्या. मला शाळेत अशी एक मुलगी मिळाली असती तर मी निवृत्तीच घेतली नसती.

इंग्रजांनाही दोन्ही बाजू आहेत. त्यांचा सूर्य सेट होतो, म्हणजे खाली बसतो. आपला मावळतो, गावाकडे दिवस बुडतो. सेटबॅक म्हणजे पीछेहाट. अपसेट तर आपण असा सामावून घेतला की त्याला मराठी प्रतिशब्द विचारला तर माणूसच अपसेट होतो. या अपसेटचा इंग्रजीतला सगळ्यात जुना अर्थ होता उभं करणं. पुढे उलटून पडणं झाला. पतसंस्थेच्या लिलावाच्या नोटिशीत 'अपसेट प्राइस' असं छापलेलं असतं, म्हणजे ज्याच्या खाली बोली जायची नाही ती किंमत. भाऊजींनी एकदा ती नोटीस वाचून दाखवली तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या, "घर लिलावात चाललंय त्याचं, किंमत कशाला अपसेट होईल, माणसं होतील की."

उरला तो सेटिंगचा प्रश्न, आणि यात मात्र आपण इंग्रजांना कोळून प्यायलो आहोत. इंग्रजाला सेटिंग म्हटलं की हिऱ्याचं कोंदण, गोष्टीतलं स्थळ-काळ किंवा मशीनची कळ आठवेल. आपल्याला आठवतो आतला माणूस. "त्याची वर सेटिंग आहे." बदलीची, टेंडरची, ॲडमिशनची. आणि कॉलेजच्या पोरांत त्याच शब्दाचा अर्थ प्रेमप्रकरण. मध्यंतरी कोपऱ्यावरच्या घरातल्या आजींनी ऐकलं की नातू रोज रात्री फोनमध्ये सेटिंग करत बसतो. आजींनी मुलीची जात, गाव, बापाचा धंदा, सगळी चौकशी सुरू केली. पोरगं अक्षरं मोठी करायची कशी ते बघत होतं, आजीच्याच फोनमध्ये.

"तरी बाई, मला एक खटकतं," वहिनी म्हणाल्या. "आमच्या वेळी मुलगा 'मार्गी लागला' म्हणायचे."

हे मला सुचलं नव्हतं, आणि हे सगळ्यात मोलाचं. मार्गी लागणं म्हणजे वाटेला लागणं. नोकरी मिळाली, आता चाल बाबा पुढे. पायांवर उभा राहिला, हाताशी आला, या सगळ्यांत काहीतरी हलतंय. आणि सेट झाला म्हणजे बसला. फ्लॅट, हप्ता, गाडी, आणि मग हलायचं नाही. वीस वर्षांच्या कर्जावर बसलेल्याला मार्गी लागलेला म्हणताही येणार नाही, कारण मार्ग बदलायची त्याची टाप नाही. दाताच्या डॉक्टरांच्या मुलाला उद्या वाटलं नोकरी सोडून बेदाण्याचा धंदा करावा, तर बँक म्हणेल, बस. ती तासांवर शिकवणारी पुतणी मात्र दिवसभर एसटीत, मार्गावरच असते. तिला कुणी मार्गी लागली म्हणत नाही, एवढंच.

"दोघांची सरासरी काढता आली असती तर बरं झालं असतं," मी म्हणाले.

"चुलत भावंडं आहेत हो ती," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या डोक्यात सरासरीचा एकच प्रकार असतो.

तेवढ्यात त्यांच्या खिडकीतून भाऊजींचा आवाज आला. फोनवर, दबका, पण विश्रामबागेतल्या दबक्या आवाजाला भिंती नसतात. "हो, हो... शनिवारी ना? बसू की. कुणाकडं बसायचं? नाही नाही, आमच्याकडं नको, हिला नाही चालत..."

वहिनींनी मोत्याचा सेट पिशवीत टाकला, पिशवी काखेत मारली.

"बाई, बसण्याचा हा अर्थ घेतलाय का तुमच्या त्या यादीत?"

"राहिला होता."

"घ्या लिहून. आणि जरा थांबा, मी यांना आधी खाली बसवून येते."